जाळीची पट्टी

शेगडीची जाळी मोडली ती ऐन थंडीत. उन्हाळ्यात मोडायला तिला कोणी अडवलं होतं? ओंडका जरा जोरात पडला, ‘टक्’ असा बारीकसा आवाज झाला आणि निम्मे निखारे खाली राखेच्या कप्प्यात. दार लावून रात्रभर शेगडी थंड होऊ दिली. सकाळी पाहतो तर मधल्या दांडीचे दोन तुकडे. मोडलेली कड करडी, रव्यासारखी दाणेदार. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हे असंच, घाव बसला की वाकायबिकायच्या भानगडीत न पडता सरळ मोडतं.

शेजारच्या दांड्यांनाही झोल आला होता. तो मात्र माझा प्रताप. राख काढायचा कंटाळा, त्यामुळे ती जाळीला टेकेपर्यंत साचली. खालून येणारी हवा निखारे फुलवते, तशीच जाळीला थोडी गारही ठेवते. ती वाट बुजली की जाळी दोन्हीकडून भाजून निघते.

नवी जाळी मागवली, पण ती येईपर्यंत वेळ तर मारून न्यायची होती. वेल्डिंग करावं, तर बिडात दोन ते चार टक्के कार्बन. टाका गार होता होता शेजारीच नवा तडा जातो. घरातली सगळी लुकणं निखाऱ्यापुढे धूर होऊन जातात. जस्ताच्या पत्र्याचा एक तुकडा पडून होता, हात शिवशिवले, पण जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. ती वाफ छातीत गेली की माणूस तापाने फणफणतो. पत्रा जागच्या जागी ठेवला.

मग तार. तुकडे जोडून घट्ट पीळ दिले, आणि कौतुकाने बघत बसलो. पहिल्या रात्री तार लालभडक झाली. चौथ्या दिवशी चिमटीत धरली तर पापुद्रे सुटून ती दोऱ्याएवढी उरली होती.

शेवटी जाडसर लोखंडी पट्टी खालून लावायची ठरवली, दोन बोल्टांनी. बिडाला भोक पाडणं हा मोठा छान प्रकार आहे. ड्रिलखालून कुरळे किस निघत नाहीत, काळी भुकटी पडते आणि बोटं शिसपेन्सिल घासल्यासारखी होतात. बिडात ग्रॅफाइटच असतं ना! भोकं मुद्दाम सैल ठेवली. फूटभर बीड ५०० अंशांनी तापलं की दीड-दोन मिलिमीटरने लांबतं. त्याला जागा दिली नाही तर ते स्वतःच जागा करून घेतं, म्हणजे पुन्हा ‘टक्’.

हे लाड जाळीचेच बरं का. तिने निखारे धरले की झालं. शेगडीच्या अंगाला किंवा धुराड्याला भेग असती तर पट्टी आणि तार बाजूला ठेवून शेगडीच बंद केली असती. भेगेतून खोलीत येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत तर कशालाच नसतो.

पट्टी टिकली. थोडी वाकडी झाली आहे, बोल्टांची डोकी जळून गोल झाली आहेत, पान्याला दाद देणार नाहीत. नवी जाळीही येऊन पडली आहे, खोक्यात. पण ती बसवायची तर शेगडी पूर्ण गार व्हायला हवी, आणि अशा थंडीत ती कोण गार होऊ देतंय!