००७

तपकीर गल्लीत आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. रोज आठ-दहा डिस्क माझ्या टेबलावर येतात. लिनक्सच्या मशिनला लावायची, स्मार्टसीटीएल चालवायचं (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते ते ओळीओळीने दाखवणारं टूल), निकाल सांगायचा. दोन मिनिटांचं काम.

ऐन लगीनसराईत एक फोटोग्राफर दादा एसएसडी घेऊन आले. "हँग मारतीये." निकालाच्या ओळीत 'पास्ड'. खाली २३१ नंबरच्या ओळीत नावाच्या जागी 'अननोन' आणि आकडा ००७. हे टूल किंमत तीन अंकांत छापतं. शेजारचा म्हणाला, "गुप्तहेर आलाय बघ!" आम्ही दोघं हसलो. केबल बदलून डिस्क परत दिली.

तीन आठवड्यांनी ती डिस्क बायोसलाही, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या तपासणीतही, दिसेना. हळदीचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात सापडले, लग्नाचे नाहीत.

'पास्ड' म्हणजे डिस्क धडधाकट असं नव्हे. कंपनीने प्रत्येक आकड्याला एक उंबरठा दिलेला असतो, बिघाडाची पूर्वसूचना देणारा कुठलाही आकडा तिथवर घसरलेला नाही, एवढंच. ह्या डिस्कचा उंबरठा होता ०००. असा उंबरठा ठेवणाऱ्याला ग्राहकासमोर उभं करायला पाहिजे एकदा.

बऱ्याच एसएसडींत २३१ म्हणजे उरलेलं आयुष्य. पण नंबरांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, म्हणून टूलसोबत ड्राइव्हडीबी नावाची, कुठल्या मॉडेलच्या कुठल्या नंबरला काय म्हणायचं ह्याची यादी येते. त्यात हे मॉडेल नव्हतं. मग म्हटलं, आपणच घालू. नोंद असते पाच भागांची: घराणं, मॉडेलचा रेगेक्स (नाव जुळवायचा साचा), फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, रेगेक्स, काही इशारा असल्यास तो, आणि कुठल्या नंबरला काय म्हणायचं. मी फर्मवेअरचा रकाना रिकामा सोडून, म्हणजे कुठलंही चालेल असं म्हणून, टूल सांभाळणाऱ्यांकडे पाठवून दिली.

परत आली. तपासणाऱ्याने विचारलं, ह्या नावाच्या सगळ्या डिस्कमध्ये एकच कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) आहे कशावरून? आणि २३१ म्हणजे आयुष्यच कशावरून? राग आला, पण प्रश्न रास्त होते. गल्लीतल्या दुकानांतून त्याच नावाच्या तीन डिस्क मागून आणल्या. दोघींचं फर्मवेअर वेगळं निघालं, आणि त्यांत २३१ नंबरच नाही! डबा तोच, लेबल तेच, आत मिळेल तो माल.

तिसरी १२० जीबीची होती, फर्मवेअर दादांच्या डिस्कचंच. ती विकत घेतली आणि शनिवारी दुकान बंद करताना तिच्यावर सलग लिहिणं लावून गेलो. रविवारी येऊन बघतो तर १०० चं ०९९ झालेलं. मालकांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे नवी डिस्क मुद्दाम झिजवलीस? आणि ह्याचे पैसे कोण देणार?"

आधीचे आणि नंतरचे दोन्ही अहवाल, सीरियल नंबर खोडून, जोडले. फर्मवेअरपुरती मर्यादित केलेली नोंद स्वीकारली गेली. पाचच ओळी. दुकानातल्या मशिनवर यादी अपडेट केली, तेव्हा ०९९ च्या शेजारी पहिल्यांदा 'एसएसडी लाइफ लेफ्ट' उमटलं. दादांच्या डिस्कवर हे उमटलं असतं तर आम्ही हसलो नसतो. पण नाव नसलं तरी शंभरावरून सातवर आलेला आकडा आहे, एवढं तर मला वाचता येत होतं.

परवा दादा पुन्हा आले, नवीन डिस्क घेऊन. "हिचं जरा नीट बघा." मॉडेल तेच. फर्मवेअर चौथंच. २३१ समोर 'अननोन', आकडा १००. दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढल्याशिवाय ती त्यांच्या हातात दिली नाही. कॉपीचे पैसे लावले नाहीत, तेही मालकांना अजून सांगायचंय.