झुकिनीचं पाणी

झुकिनीला नावं ठेवायला फारशी अक्कल लागत नाही. चव विशेष नाही, वास तर नाहीच, रंग चांगला असतो पण तोही जास्त शिजला की उतरतो. पानात वाढली की जेवणारा "बरी झालीये" म्हणतो आणि दुसरं काहीतरी वाढून घेतो. भाजी वाईट झाली तर निदान त्यावर वाद तरी होतो. बऱ्या झालेल्या भाजीबद्दल पुन्हा कुणी तोंडही उघडत नाही.

मी या भाजीच्या बाजूने आहे. तिच्यावरचे बहुतेक आरोप तिच्या पोटातल्या पाण्यावर व्हायला हवेत. शंभर ग्रॅम झुकिनीत ९४-९५ ग्रॅम पाणीच असतं. साल, बिया, तंतू, थोडीशी साखर आणि जी काही चव आहे ती, हे सगळं उरलेल्या पाच-सहा ग्रॅमांत. लोक झुकिनीला पाण्यात पाहतात ते उगाच नाही. हे पाणी कधी पिळून काढायचं, कधी आटवायचं, कधी दुसऱ्या कशाला तरी पिऊ द्यायचं आणि कधी त्याच्या वाटेला जायचंच नाही, हे कळलं की झुकिनी जमली. मसाला कोणता घालावा हा प्रश्न त्यानंतरचा.

सगळ्यात जास्त झुकिनी बिघडते ती परतताना. चिरलेल्या सगळ्या फोडी एकदम कढईत पडतात, वर लगेच मीठ पडतं, आच मध्यम, आणि हातातला उलथना काही स्वस्थ बसत नाही. मग पाणी सुटतं. एकदा तळाला पाणी साचलं की तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंग यायला तर साधारण १४० अंश लागतात. म्हणजे आपण समजतो परततोय, प्रत्यक्षात भाजी उकडत असते. फोडी मऊ पडतात, कडा विरघळायला लागतात, रंग मात्र येत नाही. मग घाबरून आणखी परतायचं आणि शेवटी जे उरतं त्यावर कोथिंबीर घालून वेळ मारून न्यायची.

यावर उपाय अवघड नाही, फक्त धीर लागतो. रुंद पसरट तवा, मोठी आच, तेल नीट तापलेलं. अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या, एकाच थरात, दोन चकत्यांमध्ये वाफ निसटेल एवढी जागा सोडून. जास्त असतील तर दोन घाण्यांत करा. आणि मग हात मागे. पहिली दोन-तीन मिनिटं तव्यावर नुसता गोंधळ असतो, तेल तडतडतं, वाफ उठते; तेव्हा काही करायचं नाही. हळूहळू तो आवाज बारीक आणि कोरडा होत जातो. तळाचं पाणी उडून गेल्याची ती खूण. याच सुमारास चकतीचा पांढरा गर कडेकडून आत काचेसारखा पारदर्शक व्हायला लागतो आणि मधलं बियांचं रिंगण तेवढं शेवटपर्यंत पांढरं राहतं. आता उलथन्याचं टोक खाली घालून बघा. चकती तव्याला धरून बसली असेल तर तिची वेळ झालेली नाही. वेळ झाली की ती आपणहून सुटते आणि खालची बाजू बदामी निघते. एकदाच उलटायची. मीठ उतरवताना. या चकत्या नुसत्या लिंबू पिळून खाल्ल्या तरी ही तीच भाजी का, असा प्रश्न पडतो.

मीठ शेवटी का, हे बघायचं असेल तर एक कच्ची चकती कापून तिच्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि शेजारी बसा. आधी पृष्ठभाग ओलसर चमकतो. मग बियांच्या भोवती टाचणीच्या डोक्याएवढे थेंब उभे राहतात, एकमेकांत मिसळतात आणि थोड्या वेळाने चकती स्वतःच्याच पाण्यात बसलेली असते. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं, एवढंच शास्त्र. तव्यावर जे नको असतं, तेच किसलेल्या झुकिनीच्या बाबतीत हवं असतं.

किसलेल्या झुकिनीला मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं चाळणीत ठेवायचं आणि मग पातळ सुती फडक्यात घालून पिळायचं. हळुवारपणे नाही, मनात कुणावर राग असेल तर तो आठवून. एवढ्या गरीब दिसणाऱ्या किसातून निघालेलं वाटीभर पाणी बघून पहिल्यांदा कुणालाही धक्का बसतो. मागे राहतो मूठभर कीस. त्यात अंडं, थोडं पीठ, कांद्याची पात, भरपूर शेपू आणि चुरलेलं पांढरं चीज घालून तुर्कस्तानात 'मुजवेर' नावाचे चपटे वडे तळतात. ग्रीसमध्ये त्याच घराण्यातले वडे फेटा चीज आणि पुदिना घालून होतात. त्यांचं नाव 'कोलोकिथोकेफ्तेदेस'. ते नीट उच्चारून होईपर्यंत तव्यावरचा एखादा करपतो. कीस पिळला नाही तर काय होतं? मिश्रण सैल होतं, म्हणून पीठ घालायचं, पाच मिनिटांनी पुन्हा सैल, म्हणून आणखी पीठ. शेवटी हिरवे ठिपके असलेला पिठाचा वडा तयार होतो. पिळलेलं पाणी खारट असतं, पण ओतून देऊ नका. कणीक मळायला चालतं, फक्त पिठात वेगळं मीठ घालायचं नाही.

पाण्याचं सोनं होतं ते केकमध्ये. किसलेली झुकिनी पिठात मिसळून केलेला, दालचिनी घातलेला ब्रेडसारखा केक अमेरिकेत घरोघरी होतो. तिथे कीस पिळायचा नाही, फार तर हाताने हलका दाबायचा. भट्टीत ते पाणी हळूहळू सुटत राहतं आणि केक दोन-तीन दिवस मऊ राहतो. खाणाऱ्याला भाजीचा संशयही येत नाही. मुलांना फसवून भाजी खायला घालण्याच्या मी विरोधात आहे, पण या केकपुरता तो विरोध स्थगित ठेवायला हरकत नाही.

हा केक लोकप्रिय होण्यामागे मात्र चवीपेक्षा नाइलाज जास्त असावा. झुकिनीचं एक रोप कुटुंबाला पुरतं, दोन रोपं शेजाऱ्यांनाही छळतात. फूल उमलल्यापासून आठवड्याच्या आत फळ काढणीला येतं. पंधरा-वीस सेंटिमीटरची असताना तोडली तर ठीक, दोन दिवस लक्ष नसलं की पानाआड तिचं धूड झालेलं असतं. अमेरिकेत ८ ऑगस्ट हा दिवस शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा म्हणून गमतीने पाळतात, यावरून कल्पना यावी. २०१४ साली कॅनडात अडीच मीटर लांबीची झुकिनी मोजली गेली आणि तिचा जागतिक विक्रम झाला. ती चिरायला कुणी घेतली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बाजारात निवडताना मोठीच्या मोहात पडू नये. लहान, घट्ट, तकतकीत सालीची आणि हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटणारी घ्यावी. मोठीतल्या बिया निबर होतात आणि गर स्पंजासारखा. साल काढू नका. रंग तिथेच आहे आणि शिजताना फोडीचा आकार धरून ठेवते तीही सालच. घरी आणल्यावर न धुता ठेवायची आणि फ्रिजच्या सगळ्यात गार कोपऱ्यात कोंबायची नाही, फार थंडीने सालीवर खळगे पडतात.

मोठी झुकिनी गळ्यात पडलीच तर ती पोखरून भरावी. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त या भागांत भरलेल्या झुकिनीला 'कूसा महशी' म्हणतात. त्यांची झुकिनी असते मात्र लहान आणि फिकट हिरवी. लांब पन्हळीसारख्या पात्याची खास सुरी आत फिरवून ती पोकळ करतात. साल फाटली की खेळ संपला. आत कच्चा तांदूळ, खिमा, मसाला. काठोकाठ भरायची नाही, कारण तांदूळ फुगतो. मग टोमॅटोच्या पातळ रश्श्यात मंद आचेवर शिजवायची. इथे पाणी काढत नाहीत, आटवत नाहीत. तांदूळच ते पितो, आतून झुकिनीचं आणि बाहेरून टोमॅटोचं. पाण्याचा इतका शहाणा बंदोबस्त मी दुसऱ्या कुठल्या पदार्थात पाहिलेला नाही. तांदळाऐवजी शिजवलेली डाळ, पनीर, मशरूम असं काही भरणार असाल तर ते पाणी पिणार नाही हे धरून चाला आणि भरण कोरडं ठेवा.

फ्रान्समधल्या नीस शहराच्या 'रातातुई'बद्दल माझं मत ठाम आहे. झुकिनी, वांगी, सिमला मिरची, कांदा, टोमॅटो हे सगळं एका पातेल्यात घालून शिजवलं तर चांगली मिसळ भाजी होते, पण रातातुई होत नाही. प्रत्येक भाजी वेगळी परतून घ्यायची आणि शेवटी थोडा वेळ एकत्र नांदवायची. तासभर जास्त लागतो, भांडीही जास्त पडतात. ज्याला भांडी घासायची आहेत त्याला आधी विचारून घ्यावं.

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला नेरानो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या पास्त्यात झुकिनीच्या तळलेल्या चकत्या आणि प्रोवोलोने जातीचं चीज, एवढंच असतं. खुबी अशी की चकत्या तळून लगेच वापरत नाहीत, काही तास मुरू देतात. कुरकुरीतपणा जातो आणि त्या जागी एक गोडसर, दाट चव येते. तळताना पाणी गेलेलं असतं, त्यामुळे मागे राहते ती निव्वळ झुकिनी. चव नाही म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा हा प्रकार करून बघावा.

झुकिनीच्या लांब शेवया काढून त्यांना पास्ता म्हणण्याची टूम मात्र मला पटत नाही. शेवया म्हणून खाल्ल्या तर उत्तम, पास्ता म्हणून खाल्ल्या तर फसवणूक. कराच, पण उकळत्या पाण्यात घालू नका. आधीच पाणी काय कमी आहे? तापलेल्या तव्यावर मिनिटभर, सॉस दाट, आणि ताट समोर आल्यावर गप्पा मारत बसायचं नाही. कच्ची झुकिनी सालकाढणीने पातळ पट्ट्या काढून, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि मिरपूड घालून त्याहून छान लागते. मीठ अगदी टेबलावर.

सूप हा सर्वात सोपा प्रकार. कांदा-लसूण परता, झुकिनी घाला, झाकण ठेवा, पाणी जवळजवळ घालूच नका, ते ती स्वतः आणते. शिजल्यावर घुसळा. झालं.

नारिंगी-पिवळी फुलंही खातात. लांब बारीक देठाची ती नर फुलं, आणि ज्यांच्या बुडाशी बोटाएवढी झुकिनी चिकटलेली असते ती मादी. वेलीवर ठेवायला थोडी सोडून बाकीची नर फुलं खुशाल तोडावीत. सकाळी उमललेली असतानाच तोडावी, दुपारी मिटल्यावर आत काही भरणं म्हणजे कसरत. रोममध्ये आत मोझरेला आणि खारवलेल्या अँकोवी मासळीचा तुकडा घालून, पातळ पिठात बुडवून तळतात.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. झुकिनी ही लाल भोपळ्याच्याच कुळातली. ज्या जातीतून ती निघाली ती जात मेक्सिकोत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी लागवडीखाली आली. आजची झुकिनी घडली ती बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीत. तिच्या रानटी पूर्वजांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. माणसाने निवडून निवडून तो कडूपणा घालवला, पण घरच्या बागेत शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या फळाचं बी राखून लावलं, तर तो परत येऊ शकतो. जर्मनीत हायडेनहाइमला २०१५ मध्ये घरगुती बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. शिजवून हे विष जात नाही. म्हणून चिरल्यावर छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघायची सवय चांगली. कडू लागला तर थुंकायचा आणि सगळी झुकिनी टाकून द्यायची; तिथे काटकसर नको.

वाढण्याबद्दल थोडं. झुकिनी खोल वाडग्यात वाढू नये, तळाशी पाणी साचतं आणि खालच्या फोडी भिजतात. पसरट ताट बरं. आंबट काहीतरी हवंच, लिंबू किंवा व्हिनेगर. सोबत कुरकुरीत काहीतरी, भाजलेले बदाम नाहीतर तुपात परतलेला ब्रेडचा चुरा. आणि ती गरमागरमच हवी असा हट्ट सोडावा, कोमट जास्त चांगली लागते. नेपल्सचा 'स्कापेचे' तर गारच खातात. तळलेल्या चकत्यांवर व्हिनेगर, लसणाचे तुकडे आणि हाताने तोडलेला पुदिना घालून डबा काही तास झाकून ठेवायचा. पाहुणे रात्री येणार असतील तर सकाळीच करून ठेवता येतो. फक्त डबा फ्रिजमध्ये मागच्या रांगेत, दह्याच्या पातेल्याआड ठेवावा, नाहीतर येता-जाता एकेक चकती उचलून घरचेच तो संध्याकाळपर्यंत रिकामा करतात.