मे महिन्यातली एसटी आणि सावलीची बाजू

नागपुरात मे महिन्यात दंड उघडे टाकून फिरणारा माणूस बाहेरगावचा, हे ओळखायला वेळ लागत नाही. इथली पोर दुचाकीवर निघाली की तिचे फक्त डोळे दिसतात, तेही गॉगलआड. अंगात पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे आणि डोक्यातोंडाभोवती घट्ट दुपट्टा. पुण्याच्या माझ्या भाचीला हे सगळं विनोदी वाटतं. ती अमरावतीच्या लग्नाला येतेय आणि बॅगेत बिनबाह्यांचे कुर्ते भरतेय. फोनवर समजावून माझा घसा कोरडा पडला, म्हणून लिहूनच टाकते. बचत गटांच्या प्रशिक्षणासाठी मी उन्हाळाभर एसटीने विदर्भात फिरत असते, तेव्हा हा विषय माझ्या हक्काचा आहे.

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असते तोवर वारा आपल्याला गार करतो. पारा ४४-४५ वर गेला की तोच वारा अंग तापवायला लागतो. (मैदानी भागात ४५ झाले की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं आणि ४७ झाले की तीव्र लाट. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ नोंदले गेले होते.) अशा दिवशी सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे ऊनही अडवतात आणि लू, म्हणजे हा तापलेला वाराही, शिवाय घामाला आतल्या आत सावकाश वाळू देतात. म्हणून दुपारच्या एसटीत लोक खिडक्या लावून बसतात. नवख्या माणसाला गुदमरल्यासारखं होतं, तो काच सरकवतो, आणि मागून कुणीतरी काका ओरडतात, "ओ दादा, बंद करा नं ते, लू येऊन राह्यली!" काकांचं बरोबर असतं.

दुपट्टा सुती हवा आणि जमेल तेव्हा ओला हवा. आमचं ऊन कोरडं आहे, मेमधल्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. ४५ अंश आणि १५ टक्के असा हिशेब धरला तर ओलं फडकं वाळता वाळता २४ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असतील, तर तेच फडकं २८ च्या खाली जात नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे खोली गारेगार करतो आणि मुंबईत भिंतींना ओल आणतो, ते यामुळेच. तेव्हा मुंबईच्या माणसाने "ओल्या कापडाने काय होतंय" म्हणून नाक मुरडू नये. पाण्याच्या बाटलीचंही तसंच. पूर्वी जीपला बाहेरून जाड कापडाची छागल लटकवलेली असायची, तिच्यातून झिरपणारं पाणी उडून जाताना आतलं गार ठेवायचं. मी स्टीलच्या साध्या बाटलीवर जुना सुती मोजा चढवते आणि तो भिजवून ठेवते. शेजारच्या बायका हसतात, मग अमरावतीच्या वाटेवर तिवस्याच्या आसपास त्यातलंच पाणी मागतात.

आता बसायची बाजू. माझ्या मते पुष्कळ लोक इथेच चुकतात, कारण ते शाळेतल्या भूगोलावर विसंबतात. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. हिवाळ्यात ते खरंही आहे. पण नागपूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच खाली आहे, २१ अंश अक्षांशावर. मेच्या अखेरीस सूर्य इथे दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या सुमारास असतो, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, लागतो त्याच वेळी. त्या दिवसांत सूर्य उगवतो ईशान्येकडे सरकून आणि मावळतो वायव्येकडे सरकून. सकाळी साडेदहापर्यंत आणि पुन्हा दुपारी दोननंतर तो उत्तरेच्याच बाजूला असतो.

अमरावतीचा रस्ता नागपूरहून जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो. बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी. पश्चिमेकडे तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला. म्हणजे मे महिन्यात अमरावतीला जाताना, सकाळी निघा की दुपारी, डाव्या बाजूला बसायचं, दाराच्या बाजूला. परत येताना उजव्या, ड्रायव्हरच्या बाजूला. डिसेंबरात नेमकं उलट. भंडाऱ्याकडे जाणाऱ्यांनी उजवीकडे बसावं. चंद्रपूर दक्षिणेला, तिथे मात्र वेळ बघावी लागते: सकाळी डाव्या खिडक्या तापतात, दुपारी उजव्या. गणेशपेठच्या बसस्थानकावर गाडी लागली की लोक रुमाल टाकून जागा धरतात, पण रुमाल कुठल्या बाजूला टाकायचा याचा विचार करणारे फार थोडे. एका कंडक्टरने मला एकदा विचारलंही होतं, "ताई, तुमी रोज तिकडंच काहून बसता?" मी सांगितलं. त्याने पुढच्या फेरीला आपली बॅग डावीकडच्या सीटवर ठेवली.

बाजूइतकाच पाण्याचा प्रश्न मोठा, आणि तो बायकांचा जास्त. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. "लागत नाही" म्हणतात. लागतं, पण वाटेतल्या स्वच्छतागृहांची अवस्था आठवते आणि घोट घशातच राहतो. प्रशिक्षणाला येणाऱ्या बायकांची दुपारची डोकेदुखी मी वर्षानुवर्षं पाहतेय, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं. कोरड्या हवेत घाम फुटल्याफुटल्या उडून जातो, त्यामुळे घाम आला हेसुद्धा कळत नाही. संध्याकाळी कुर्त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात, ते मीठ. माझा उपाय फार थोर नाही: घरून निघण्याआधी दोन ग्लास, वाटेत घोटघोट, आणि ड्रायव्हर चहाला थांबला की आधी स्वच्छतागृह गाठायचं, मग चहा. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल पंपावर थांबायला लाजू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय, एवढी खूण पुरे.

पन्हं, ताक, बेलाचं सरबत ही आमची जुनी मंडळी, त्यांना नावं ठेवायची सोय नाही. रसवंतीचा रस मला आवडतो, पण त्यातल्या बर्फावर माझा विश्वास नाही, बिनबर्फाचा मागते. ओआरएसची पुडी पर्समध्ये असावीच. मात्र एक लिटरची पुडी एक लिटरातच घालायची. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी ढवळून पिणारे मी बसमध्ये पाहिलेत, त्याने फायद्याऐवजी त्रास होतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावं. खिशातल्या कांद्याबद्दल दरवर्षी विचारणा होते. खिशात ठेवून काय होतं ते त्या कांद्यालाच माहीत. मी तो भाकरीसोबत खाते.

शहरात दुपारी फिरायची वेळ आलीच तर मेट्रो धरा. सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात आणि डबे थंड असतात. तळपणारं ऊन बाराला असतं, पण हवा सगळ्यात तापलेली असते तीन-चारच्या सुमारास, हे लक्षात ठेवा. "साडेतीन वाजले, आता ऊन उतरलं" म्हणून निघणारे पाहुणे हमखास लालबुंद होऊन पोचतात. उन्हात उभ्या दुचाकीच्या सीटवर बसण्याआधी ओलं फडकं फिरवायचं, हे कुणी सांगायला नको, एकदा चटका बसला की आपोआप कळतं. समृद्धी महामार्गाने स्वतःची गाडी नेणार असाल तर टायर जुने नाहीत ना ते बघा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापलेलं काँक्रीट आणि सलग वेग, दोन्ही टायरच्या मुळावर येतात.

एका गोष्टीत मात्र घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत राहायचं, कपडे सैल करून वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालायचं नाही. घाम येतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असंही समजू नका, उष्माघातात घाम सुरू असू शकतो.

राहिलं खाणं. भाचीने यादीत सावजी, म्हणजे आमचं झणझणीत नागपुरी जेवण, लिहिलंय, तेही दुपारच्या जेवणाला. सावजी रात्री नऊनंतर, कूलरसमोर बसून. दुपारी दहीभात मिळेल.