किटांगलाडला गरुड मोजायला जाताय? आधी त्या वाटेचं ऐका

‘दोन तासांची सोपी चाल, सामान घोड्यावर.’ फिलिपीन गरुडाच्या गणतीसाठी फिलिपीन्समधल्या मिंदानाव बेटावर, किटांगलाड डोंगरात जायचं ठरलं तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं होतं. मलायबलायजवळच्या दालवांगन गावाहून छावणीत पोचायला साडेपाच तास लागले.

कागायान दे ओरो ते मलायबलाय बसप्रवास उत्तम, काही काळजी करू नका. त्रास शेतं संपल्यावर सुरू होतो. घोड्यांच्या ये-जा करण्यानं वाटेचा खोल चर झालाय. दोन्ही बाजूंना खांद्याएवढी माती, मध्ये पोटरीभर चिखल. टापांच्या खड्ड्यात पाय गेला की बूट आतच राहतो. माझा दोनदा राहिला, हातानं उपसून काढला. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलीय म्हणून ट्रेकिंगच्या बुटांवर विसंबू नका, गमबूटच घ्या. जळवांसाठी लांब मोजे हवेतच. आणि घोड्याचे पैसे थेट छावणीपर्यंतचे ठरवा. आमच्याकडून अर्ध्या वाटेत पुन्हा तेवढेच घेतले. सामान चिखलात उतरवून ठेवल्यावर घासाघीस कोण करणार? ही शुद्ध अडवणूक आहे.

गणतीसाठी अंधारात उठून धावपळ नको. ऊन तापल्याशिवाय हा पक्षी घिरट्या घालायला वर येत नाही. साडेआठ ते बारा, समोरची दरी मोकळी दिसेल अशा सोंडेवर बसायचं. वेळ, होकायंत्रावरची दिशा, कुठल्या धारेमागे गेला, सगळं तिथल्या तिथे लिहा. नाहीतर पलीकडचा गट तोच पक्षी पुन्हा मोजतो. आम्हाला पहिले दोन दिवस धनेश आणि सर्पगरुडच दिसले. तरी रिकामा तक्ता जमा कराच, तीही नोंदच आहे. हा पक्षी विरळच दिसणार, मिंदानावात शेजारच्या दोन घरट्यांमधलं अंतर सरासरी १३ किलोमीटर भरलंय.

तिसऱ्या दिवशी १० वाजून ४० मिनिटांनी वाटाड्या हलक्या आवाजात म्हणाला, “बानोग.” म्हणजे गरुड. दरीतून तो वर आला. पोट पांढरंशुभ्र, पंख रुंद, शेपूट लांब. वळताना मानेवरची पिसं वाऱ्यानं उभी राहिली. २०२३ च्या अभ्यासानुसार जगात अंदाजे ३९२ जोड्या, आणि जोडी साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालते. त्यातला एक माझ्या दुर्बिणीत होता! हात इतका थरथरत होता की वेळ शेजाऱ्यानं लिहिली. त्या क्षणासाठी मी तो चर उद्या पुन्हा तुडवीन.

घरटं सापडलं तर जागा कुठेही टाकू नका, शिकार होते. परतताना सकाळीच उतरा. दुपारच्या पावसात त्या चराचा ओढा होतो.