गोझोची पायी प्रदक्षिणा

माल्टाच्या द्वीपसमूहातील गोझो हे दुसऱ्या क्रमांकाचे बेट अवघे ६७ चौरस किलोमीटरचे आहे. सह्याद्रीत पाय झिजवलेल्या माणसाला नकाशा पाहून जो फाजील आत्मविश्वास येतो, तो आम्हा तिघांनाही आला होता. किनाऱ्याने पूर्ण फेरी मारायची तर साधारण ५० किलोमीटर चाल होते आणि बेटावरची सर्वांत उंच टेकडीही २०० मीटरच्या आतच आहे, त्यामुळे तीन दिवस पुरे होतील असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात चार दिवस लागले, आणि तेही शेवटच्या दिवशी किनारा सोडून डांबरी रस्ता धरल्यावर. चूक किलोमीटर मोजण्यात झाली नव्हती. पायाखाली कोणता दगड येणार आहे हे आम्ही पाहिलेच नव्हते.

गोझोची रचना खडकांच्या पाच आडव्या थरांची आहे. तळाशी कठीण प्रवाळी चुनखडक, त्यावर मऊ पिवळसर ग्लोबिजेरिना चुनखडक, त्यावर निळसर चिकणमाती, मग हिरवट वाळूखडकाचा पातळ पदर आणि माथ्यावर पुन्हा कठीण प्रवाळी चुनखडक. किनाऱ्याच्या कोणत्या भागात यांपैकी कोणता थर उघडा पडला आहे, त्यावर त्या दिवसाची चाल ठरते. हे कळल्यावर नियोजन सोपे होते, म्हणून पुढील वर्णन मी त्याच अंगाने करते.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. उन्हाळ्यात इथे सावली जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच चालण्याचे दिवस होत. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या सवयीत सहज विसरली जाते. मुक्काम बेटाच्या मध्यावरील व्हिक्टोरिया गावात ठेवावा. स्थानिक लोक या गावाला रबात म्हणतात, आणि बेटावरच्या बहुतेक सर्व बसगाड्या इथूनच सुटतात. सकाळी बसने वाटेच्या टोकाशी जायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाहून बसने परतायचे, असे केल्यास पाठीवर ओझे राहत नाही.

मिजार बंदरापासून निघून आम्ही समुद्र डाव्या हाताला आणि बेट उजव्या हाताला ठेवले, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाच घातली. दक्षिणेची बाजू आधी चालण्यात एक फायदा आहे. तिथे तळाचा कठीण खडक असल्याने पाऊस पडून गेला असला तरी वाट चालण्याजोगी राहते. पहिला टप्पा मिजार इश-शिनी या अरुंद, आत शिरलेल्या खाडीचा आहे. तिच्या तोंडाशी १६६१ साली बांधलेला टेहळणीचा बुरूज उभा आहे. अशा बुरुजांची गरज का पडली असावी हे जुलै १५५१ च्या घटनेवरून उमगते: ऑटोमन आरमाराने बेटावर हल्ला करून सुमारे ५,००० रहिवासी, म्हणजे जवळजवळ सारी वस्तीच, गुलाम म्हणून उचलून नेली होती.

खाडीतून वर चढले की ता चेंचचे पठार लागते. कोकणातल्या सड्यावर चाललेल्या वाचकाला ते लगेच ओळखीचे वाटेल: उघडा कातळ, भेगांतून डोकावणारी खुरटी झुडपे, रानटी थाइमचा वास आणि दूरवर गडग्यांनी आखलेली शेते. फरक दगडात आहे. जांभा पायाला खरखरीत लागतो, तर हा चुनखडक पाण्याने झिजून सुऱ्यांसारख्या धारांचा आणि खळग्यांचा झाला आहे, त्यामुळे नजर सतत जमिनीवर ठेवावी लागते आणि ताशी दोन किलोमीटरांहून अधिक वेग आम्हाला साधला नाही. मऊ तळाचे धावण्याचे बूट इथे दोन दिवसांत फाटतील; जाड तळाचे, घोटा धरणारे बूट हवेत. कडा शंभर मीटरहून अधिक सरळ तुटलेला आहे, त्याला कठडा नाही आणि काठावरचा दगड खालून पोखरलेला असू शकतो. छायाचित्रासाठीसुद्धा काठापासून चार पावले मागेच राहावे. याच कड्यावर ब्लू रॉक थ्रश हा माल्टाचा राष्ट्रीय पक्षी दिसला. हिवाळ्यात आपल्या गडांच्या तटांवर एकटा बसलेला दिसतो, तोच हा पक्षी.

श्लेंदीपासून द्वेय्रापर्यंतचा दुसरा दिवस अंतराने लहान असला तरी वाटेत पाणी किंवा दुकान काहीच नाही. गडावर टाके असते तसे इथे काही मिळणार नाही, हे गृहीत धरून माणशी तीन लिटर पाणी श्लेंदीतूनच घ्यावे. द्वेय्राची प्रसिद्ध नैसर्गिक कमान, जिला अझुर विंडो म्हणत, ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, तरीही तिचा पत्ता विचारणारे दोघे प्रवासी आम्हाला भेटले. मला स्वतःला कमानीविना उरलेले द्वेय्राही पुरेसे वाटले. तिथल्या खडकात समुद्री साळिंदराच्या जातीच्या चपट्या जीवांचे जीवाश्म नाण्यांसारखे विखुरलेले दिसतात. ते पाहावेत, उकरू नयेत. समोर पाण्यात उभ्या असलेल्या फंगस रॉकवर एक लालसर परोपजीवी वनस्पती उगवते. तिला चुकून बुरशी समजले गेले. ती औषधी आहे या समजुतीने, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी त्या खडकावर सामान्यांना जाण्यास मनाई केली होती, आणि १६५२ चा तिथला बुरूज त्यावरही लक्ष ठेवून असे. जवळच्या इनलँड सी या खाजणवजा तळ्यातून होड्या सुमारे ८० मीटर लांबीच्या नैसर्गिक बोगद्याने बाहेरच्या समुद्रात नेतात, पण वारा वायव्येचा असला तर त्या बंद असतात.

तिसऱ्या दिवसाची उत्तरेची वाट या प्रदक्षिणेतला सर्वांत सुखाचा भाग ठरला, कारण इथे मऊ पिवळा खडक वर आला आहे आणि त्याची फरशीसारखी सपाट पायरी समुद्रालगत मैलभर पसरली आहे. विएद इल-मिएलाहची कमान, मग विएद इल-आस्री ही दोन भिंतींत चिंचोळी झालेली घळ आणि त्यानंतर श्वेयनीची मिठागरे असा हा क्रम आहे. उरण-वसईची मिठागरे मातीच्या बांधांची असतात. इथली खडकात खोदून काढलेली आहेत, लहान लहान चौकोनांची, आणि काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात त्यांतून मीठ काढतात. नोव्हेंबरमध्ये ती रिकामी असली तरी त्यांच्या बांधांवरून चालू नये, कारण मऊ दगड बुटांनी झिजतो आणि शेवटी ते कोणाचे तरी शेत आहे. शेजारून रस्ता आहे, तो वापरावा.

त्या रात्री पाऊस पडला, आणि चौथ्या दिवशी आमचा हिशेब चुकला. मार्सालफोर्नपासून रमला खाडीपर्यंतच्या उतारावर निळसर चिकणमाती उघडी आहे. ती पाणी खाली जिरू देत नाही, म्हणून बेटाचा हा कोपरा हिरवा आहे आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतेही इथे आहेत, पण याच गुणामुळे ओल्या दिवशी तिच्यावर उभेसुद्धा राहता येत नाही. वरचा कठीण खडक खालची माती सरकल्याने तुटतो आणि त्याचे घराएवढे तुकडे उतारावर विखुरलेले असतात. त्यांच्यामधून वाट काढताना माझा पाय घसरला आणि मनगट मुरगळले. प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चिकटल्यावर आम्ही शहाणपणाने वर शारा गावाच्या रस्त्यावर आलो. मागून येणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, आदल्या चोवीस तासांत पाऊस झाला असेल तर ईशान्येचा हा भाग दोन दिवस पुढे ढकलावा आणि त्याऐवजी दक्षिणेचे कडे चालावेत.

रमलाची वाळू खरोखरच तांबूस आहे. तिचे पूर्ण नाव रमला इल-हमरा, म्हणजे तांबडी वाळू. माल्टी ही अरबी कुळातली पण रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे, आणि आपल्याकडे भविष्य पाहण्यासाठी जे रमल टाकतात त्यातला शब्दही वाळूच्या याच अरबी शब्दावरून आलेला आहे. पाट्या वाचताना एक्स या अक्षराचा उच्चार श करावा, म्हणजे बसचालकाला गावाचे नाव कळते.

दुसऱ्याही काही अक्षरांनी आमची करमणूक केली. गडग्यांवर ठिकठिकाणी रंगवलेले ‘आरटीओ’ पाहून इथेही वाहन परवाना तपासतात की काय असे वाटले, पण त्याचा अर्थ जागा मालकासाठी राखीव असल्याची सूचना एवढाच आहे. अशा जागा बहुधा पक्ष्यांच्या शिकाऱ्यांच्या असतात. सप्टेंबर ते जानेवारी हा शिकारीचा हंगाम असल्याने पहाटे बार ऐकू येतात. वाट सोडू नये, भडक रंगाचा सदरा घालावा आणि वाद घालू नये.

शाकाहारी माणसाचे भागते. वाटाण्याच्या किंवा रिकोट्टा चीजच्या सारणाची पास्तित्झी कोपऱ्याकोपऱ्यावर स्वस्तात मिळते, परंतु टोमॅटो लावलेल्या पावात बऱ्याचदा ट्यूना मासा असतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. माल्टा शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. चलन युरो आहे, वाहने डावीकडूनच चालतात आणि विजेचे प्लग ब्रिटिश पद्धतीच्या चपट्या तीन पिनांचे असल्याने अडॅप्टर सोबत न्यावा.

गोझोला यायला माल्टाच्या चिर्केव्वा धक्क्यावरून मोठी फेरीबोट सुमारे २५ मिनिटांत मिजारला पोहोचवते, आणि व्हॅलेटाहून प्रवाशांची जलद बोटही आहे. मोठ्या बोटीत येताना तिकीट कोणी मागितले नाही, तेव्हा आम्ही गोंधळलो होतो. पैसे फक्त परतताना, मिजारच्या धक्क्यावर घेतले जातात. चौथ्या संध्याकाळी तिथल्या रांगेत आम्ही बुटांचा निळसर चिखल काडीने खरवडत उभे होतो, आणि आमच्या पुढच्या जोडप्याच्या बुटांवरही तोच चिखल होता.