एका ओळीसाठी तीन फॉर्म

"वरती कन्नड, खाली मराठी. आमच्या गावासारखंच झालंय की हो हे!" खानापूर शाखेतल्या कॅशियरबाई फोनवर हसत होत्या. आमच्या पोर्टलवर भाषेचं बटण दाबलं की पडद्याचा वरचा भाग बदलायचा, खालचा नाही. मला हसू येत नव्हतं, कारण ती चूक मी दोन दिवसांपूर्वीच दुरुस्त केली होती.

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आमचं ऑफिस. एका पतसंस्थेचं पोर्टल आम्ही पाच जणांनी मायक्रो फ्रंटएंड पद्धतीनं बांधलं, म्हणजे एकच वेबसाइट स्वतंत्र तुकडे जोडून. तुकड्यांना धरून ठेवणारी चौकट, म्हणजे वरचं शेल, एक, आणि पासबुक, कर्ज, ठेवी असे तीन स्वतंत्र तुकडे. ऑक्टोबर २०२० मध्ये वेबपॅक ५ (कोडच्या फाइली बांधून देणारं साधन) मॉड्यूल फेडरेशन, म्हणजे वेगवेगळे बांधलेले तुकडे ब्राउझरात जोडायची सोय, घेऊन आलं, तेव्हापासून माझे हात शिवशिवत होते. गरज कमी, हौस जास्त. बटणांच्या सीएसएसची (रंगरूपाच्या नियमांची) थोडी मारामारी झाली, ती मिटली.

भाषेच्या बटणाचं कारण साधं होतं. भाषांतराच्या लायब्ररीची (तयार कोडची) शेलमध्ये एक आवृत्ती, पासबुकात दुसरी, आणि शेअर्डच्या, म्हणजे सामायिक लायब्ररींच्या, यादीत 'सिंगलटन' (सगळ्यांत मिळून एकच प्रत) लिहायचं मी विसरलो. मग तुकडा गुपचूप स्वतःची प्रत उतरवून घेतो. वर भाषा बदलली तरी खाली पत्ताच नाही. पडदे बनवायच्या रिअ‍ॅक्ट लायब्ररीच्या दोन प्रती आल्या असत्या तर 'इनव्हॅलिड हुक कॉल' अशी एरर देऊन ब्राउझरच्या कन्सोलनं बोंब तरी मारली असती. आवृत्त्या एक केल्या, सिंगलटन लावलं. अर्ध्या दिवसाचं काम.

तरी खानापुरात जुनंच दिसत होतं. रिमोटएन्ट्री डॉट जेएस ही तुकड्याची दारावरची पाटी, आतल्या फाइली कुठं आहेत ते सांगणारी. बाकीच्या फाइलींची नावं कोड बदलून नव्यानं बांधला की बदलतात, हिचं तेच राहतं. संस्थेच्या सर्व्हरवर सगळ्या जेएस फाइलींना सात दिवसांची कॅश, तेवढे दिवस ब्राउझर साठवलेली प्रतच वापरतो. म्हणजे ब्राउझर जुनीच पाटी वाचून जुन्याच घरात शिरणार. (जुन्या फाइली सर्व्हरवरून लगेच उडवू नका, नाहीतर गिऱ्हाइकाला कोरा पांढरा पडदा दिसतो.)

उपाय एका ओळीचा, या एका फाइलीला 'नो-कॅश' हेडर, म्हणजे 'दर वेळी सर्व्हरला विचार' अशी ब्राउझरला सूचना. पण सर्व्हर सांभाळणारे वेगळे, त्यांचा चेंज रिक्वेस्टचा फॉर्म वेगळा. मी एक फॉर्म भरला. तीन दिवसांनी परत आला: "अ‍ॅप्लिकेशनचं नाव एकच लिहावे." तीन तुकडे, म्हणून तीन फॉर्म. प्रत्येकात 'व्यवसायावर परिणाम' असा रकाना. पहिल्यात मी सविस्तर लिहिलं, तिसऱ्यात नुसतं "वरीलप्रमाणे", तर तोही परत! वर काय लिहिलंय ते त्यांना दिसत नाही म्हणे. मग सहीवाले साहेब रजेवर. मी रोज सकाळी फोन करायचो, पलीकडून रोज तेच, "प्रोसेसमध्ये आहे सर." तोवर कॅशियरबाईंना मी कंट्रोल-शिफ्ट-आर (साठवलेली प्रत सोडून पान नव्यानं उतरवणं) शिकवलं, त्यांनी निपाणी शाखेला शिकवलं. एकाच अ‍ॅपचे शेल धरून चार तुकडे करून डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं) स्वतंत्र केलं म्हणून मी मिरवत होतो, आणि आता फॉर्मही स्वतंत्र झाले होते.

फायदा झालाच नाही असं नाही. एकदा रात्री अकराला व्याजाच्या रकान्यातली चूक सुधारून फक्त कर्जाचा तुकडा वर चढवला, पासबुकाला हातही लावला नाही. त्या रात्री झोप छान लागली. पण पाच जण एकाच टेबलावर बसून चहा पीत असतील, तर एक रेपो (सगळा कोड ठेवायची एकच जागा) आणि नीट फोल्डर पुरतात. वेगवेगळ्या टीम एकमेकींच्या रिलीजची वाट बघत ताटकळत असतील तरच हा खटाटोप करा. आणि आधी विचारा, सर्व्हरची चावी कुणाकडे आहे?

चौदाव्या दिवशी आमच्यातला सगळ्यात धाकटा पोरगा म्हणाला, "दादा, शेलमधनंच त्या फाइलीच्या पत्त्यापुढं प्रश्नचिन्ह टाकून चालू वेळ जोडूया की. दर वेळी नवा पत्ता वाटंल ब्राउझरला." वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी तिन्ही फॉर्म मंजूर झाल्याचा मेल आला.