आबांच्या तेलावर आलेला आळ

ऑक्टोबरात रोशा गवताला, म्हणजे ज्यातून गुलाबासारख्या वासाचं तेल निघतं त्या गवताला, तुरे आले की आमच्याकडे कुणालाच डोकं वर काढायला फुरसत नसते. साक्री तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं छोटं डिस्टिलेशन युनिट, म्हणजे वाफेवर तेल काढायचा कारखाना, मी सांभाळतो. गवत तोलून घेणं, तेल काढणं, तपासणं, विकणं, सगळं माझ्याकडे. त्या सकाळी मुंबईचा व्यापारी माल उचलायला आला होता. प्रत्येक कॅनमध्ये कागदाची पट्टी बुडवायची, वास घ्यायचा, पुढे सरकायचं. एका कॅनपाशी तो अडला, पुन्हा पट्टी बुडवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "यात भेसळ आहे. हा मी नेणार नाही."

कॅन आमच्या गटातल्या आबांचा होता. त्यांच्या वडलांची ओढ्याकाठी रोशाची भट्टी असायची. "साहेब, पिढ्यान् पिढ्या हाच धंदा केला, थेंबभर काही मिसळलं नाही," एवढं बोलून ते खाली बसले. मला ते पाहवेना.

रोशाच्या व्यापारात हा संशय फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा भागातलं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. ते खपून जायचं, कारण गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल हा जो वासाचा घटक महत्त्वाचा, तोच चांगल्या रोशा तेलात ७५ ते ८५ टक्के असतो. त्यामुळे या तेलाचा व्यापारी आधी नाकावर विश्वास ठेवतो, मग माणसावर.

मी टीपकागदावर थेंब टाकून उन्हात धरला. खोबरेल किंवा दुसरं खाद्यतेल असतं तर डाग राहिला असता. काही वेळानं कागद कोरा झाला. ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून हलवलं, तर रॉकेलाचा थर वर आला नाही. पण वास घेतल्यावर मलाही खटकलं. गुलाबाच्या मागे आलं आणि शहाजिरं झोंबत होतं.

आबांच्या गवताची एक गाडी आवारात सुकत पडली होती. गवत कापल्यावर दिवसभर सावलीत ठेवतो. पाणी उतरतं, तेल जात नाही, आणि टाकीत जास्त माल मावतो. मी पेंढ्या सोडून एकेक तुरा तळहातावर चोळायला लागलो. बहुतेकांना गोड, गुलाबी वास. खालच्या काही पेंढ्यांना मात्र तोच झोंबरा. आबांच्या सुनेला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "शेतातलं कमी पडत होतं भाऊ, म्हणून नाल्याकडचं दाट गवत कापलं. तेही रोशाच ना?"

तेही रोशाच. पण उघड्या, कोरड्या उतारावर विरळ ठोंबांनी येणारा तो मोतिया आणि ओलसर, सावलीच्या जागी दाट माजणारा तो सोफिया. दिसायला इतके सारखे की जाणत्यालाही तुरा चोळावा लागतो. सोफियात जिरॅनिऑल कमी आणि वास वेगळा. अशा मालाला भेसळ म्हणणं हा माझ्या मते अन्याय आहे.

व्यापाऱ्याला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा. दोन्ही गवतं वेगळी काढून दाखवतो." तो थांबला, हे त्याचं मोठेपण.

नमुन्याच्या लहान टाकीत पन्नास किलो मावतं. आधी मोतिया भरला. खालून वाफ सोडली, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरवर गार पाणी चालू केलं, आणि थोड्या वेळानं नळीतून दुधट पाण्याची धार सुरू झाली. जिरॅनिऑल २३० अंशांच्या आसपास उकळतं, पण वाफेच्या सोबतीनं शंभराच्या आतच निघून येतं. हे दरवेळी पाहताना मला तितकाच आनंद होतो. काचेच्या सेपरेटरमध्ये पाणी खाली बसत गेलं आणि वर फिकट पिवळं तेल जमू लागलं. अडीच तासांनी जेमतेम दोनशे ग्रॅम. मग टाकी धुऊन सोफिया लावला.

दिवेलागणीला दोन बाटल्या व्यापाऱ्यापुढे ठेवल्या. त्यानं मोतियाची पट्टी बराच वेळ नाकाशी धरली. दुसरी हुंगली आणि म्हणाला, "सकाळी हाच लागला होता." मग उठून आबांकडे गेला. "आबा, मी बोललो ते चुकलं. तुमचा मोतिया पूर्ण भावानं घेतो."

अडलेला कॅन त्यानं साबणवाल्यासाठी कमी भावात घेतला. अत्तराला तो चालला नसता. थोडं तेल आबांनी गुडघ्यांना चोळायला ठेवून घेतलं. आता काट्यावर गवत चढण्याआधी प्रत्येक पेंढीतला तुरा चोळून पाहिला जातो. ते काम आबांची सून करते, आणि तिच्या नाकाला शंका आली तर पेंढी मीही टाकीत जाऊ देत नाही.